साडेसात तास

सिल्वासा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल,

आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजच्या खुणा निळ्या होत नाहीत, म्हणून स्पीड पोस्टाने लिहितो. काउंटरवरच्या बाई ऑकलंडला दहा ते पंधरा दिवस म्हणाल्या. दिवाळीत पाठवलेलं पाकीट तेराव्या दिवशी पोचलं होतं, पोचपावतीवर तुझी सही होती. त्या मानाने हे तुला २२ तारखेला मिळेल. तू २६ला निघणार. मध्ये चार दिवस राहतात, विचार करायला पुरेसे आहेत.

तू येणार हे समोरच्या दत्तात्रय सरांकडून कळलं. ते आणि शैलजावहिनी त्यांच्या पूजाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. २ मार्च, ठाणे. बोलता बोलता वहिनींच्या तोंडून निघून गेलं की मृणालही येतेय, पाच दिवसांसाठी. मग त्या एकदम चहा फार गोड झालाय म्हणाल्या. चहा मी केला होता. त्यात साखर घालायची राहिली होती. यावरून मी समजलो की तू सिल्वासाला येणार नाहीस.

मुंबई ते ऑकलंड सरळ अंतर १२,३०५ किलोमीटर. तू जायच्या आधी सरांच्या शाळेतला पृथ्वीगोल आणून मी त्यावर कारखान्यातलं सूत ताणलं होतं, आठवत असेल. सपाट नकाशावर पट्टी ठेवणारे फसतात. गोलावर दोरा ताणला की तो आपोआप जवळची वाट धरतो. आपलं फुगवलेलं सूत रबरासारखं लांबतं, म्हणून मी मुद्दाम साधं घेतलं होतं. तो दोरा सिंगापूरला जवळजवळ चिकटून गेला. मी तुझ्या मम्मीला म्हटलं, सिंगापूरला विमान बदलावं लागलं तरी पोरीला वीसेक किलोमीटरच जास्त पडतात. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तितलं तर ती चालीसन जाई."

विमानतळापासून आपल्या दारापर्यंत १६८ किलोमीटर. मनोर, तलासरी, भिलाड, नरोली. तू बारा हजार तीनशे पाच येणार आणि हे एकशे अडुसष्ट येणार नाहीस. एकूण वाटेच्या दीड टक्काही ते होत नाहीत.

मी नववी शिकलेला माणूस आहे. पंच्याण्णव साली शिरपूरहून आलो तेव्हा राखोलीच्या कारखान्यात खोकी उचलत होतो. आज डिस्पॅच माझ्याकडे आहे. गाडी भिवंडीची असो, इचलकरंजीची असो, फाटकाबाहेर पडली की मी पार्टीला पोचायची वेळ सांगतो आणि पार्टी त्या वेळेला हमाल उभे करते. हे तुला सांगायला नको. लहानपणी ड्रायव्हर लोक तुला विचारायचे, पप्पांनी आज कितीची वेळ दिली? आणि तू मिनिटासकट सांगायचीस. लिहितो एवढ्यासाठी की माझ्या आकड्यावर लोक काम करतात, आणि तीस वर्षं करत आलेत.

त्या दिवशीच्या हिशोबाचा विषय मी काढत नाही. तू जे म्हणालीस ते म्हणालीस. तेव्हा जे हातात होतं त्यावरून मी काढलं.

मम्मीचं कपाट तेव्हापासून बंद आहे. आईच्या साड्या लेकीने काढायच्या आणि लेकीने वाटायच्या, असं आपल्यात आहे. शैलजावहिनी दोनदा म्हणाल्या, मी उघडू का. मी नको म्हटलं. चौतीस होत्या. एक अंगावर गेली. तेहेतीस आहेत.

पाच दिवसांतला अर्धा दिवस काढ. सकाळी सातला ठाण्याहून निघालीस तर दहाला इथे. दोन तास बस, जेव. बाराला निघ, तीनला परत. गाडी मी पाठवतो. मी घरात नको असेन तर तेवढा वेळ कारखान्यात जाऊन बसेन.

तुझे पप्पा

*

सिल्वासा
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल,

पहिलं पत्र अजून वाटेत असेल. हे आज टाकलं तर ४ मार्चला पोचेल, म्हणजे तू इकडे येऊन परत जाशील तेव्हा तुझ्या दाराशी असेल. ते जाणूनच लिहितो. तू येण्याआधी हे तुझ्या हातात पडणार नाही, म्हणून हात चालतोय.

त्या दिवशीच्या हिशोबाचा विषय काढत नाही असं मी लिहिलं होतं. काढतो.

गेल्या वर्षीची ७ फेब्रुवारी, बुधवार. दवाखान्यात पहाटे चार चाळीसला मम्मी गेली. मी तुला पाचला फोन केला, तुझ्याकडे दुपारचे साडेबारा होते. तू कामावर होतीस, त्या म्हाताऱ्यांच्या घरात कोणाला तरी जेवण भरवत होतीस. तू रडली नाहीस. म्हणालीस, "पप्पा, थांबवा. मी येते." दहा मिनिटांनी तुझा फोन आला, संध्याकाळी पावणेसहाचं विमान आहे, एक जागा आहे. मी म्हटलं, थांब, मी वेळ काढतो.

मग मी घरी आलो. तिला नेसवायची साडी काढायला कपाट उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला तो कागद समोर आला. तू गेलीस तेव्हाचा, माझ्या हातचा. "शनिवार, दुपारी ४, सिल्वासा सोडले. रविवार, रात्री १२, मृणाल खोलीवर पोचली. घर ते घर ३२ तास." खाली लाल शाईने रेघ. मम्मीनेच तो तिथे चिकटवला होता.

मी बत्तीस धरले. तू खोलीवरून पावणेतीनला निघणार होतीस. पावणेतीनमध्ये बत्तीस मिळवले, गुरुवारचे रात्रीचे पावणेअकरा आले. सूर्य मावळल्यावर अग्नी देत नाहीत, म्हणजे शुक्रवार सकाळ. दोन रात्री तिला दवाखान्याच्या शीतपेटीत ठेवायचं माझ्याच्याने होईना. मी तुला फोन केला आणि सांगितलं, येऊ नकोस, पोचणार नाहीस.

तू म्हणालीस, "पप्पा, पण इथे मुंबई गुरुवार पहाटे पाच दाखवतंय." मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "ते तिकडच्या घड्याळाने असेल. माझा हिशोब धर."

तू धरलास. तिकिटाचं पान बंद केलंस. जन्मात मी कधी विमानात बसलेलो नाही आणि तू बसली होतीस, तरी तू माझा हिशोब धरलास.

आता चूक लिहितो. तू गेलीस तेव्हा निघायची वेळ मी सिल्वासाच्या घड्याळाची घेतली आणि पोचायची ऑकलंडच्या. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली. त्या बत्तीस तासांत साडेसात तास प्रवासाचे नव्हतेच, ते दोन गावांच्या घड्याळांमधल्या फरकाचे होते. खरे साडेचोवीस लागले होते. आणि येतानाचं मोजताना मी तुझ्या पावणेतीनपासून सुरू केलं आणि उत्तर माझ्या घड्याळाचं समजलो. पुन्हा तेच साडेसात. म्हणजे एकूण पंधरा तास. येताना समोरून वारा असतो, त्याचा आणि सिंगापूरला थांबायचा मिळून पावणेदोन तास जास्त धरले तरी तू गुरुवारी सकाळी साडेनऊला दारात असतीस. तिकिटावर लिहिलं होतं ते बरोबर होतं.

भिंतीवर मम्मीचं घड्याळ होतं. वापीहून आणलेलं पांढरं गोल, काचेवर तिने मरून टिकली लावली होती, हे मृणालचं म्हणून. तिला साडेसाताची बेरीज-वजाबाकी जमायची नाही, म्हणून तिने सरळ दुसरं घड्याळ लावलं. मी हसलो होतो. मी फोन हातात घेतला की ती टिकलीकडे बघून म्हणायची, "तठे आते रात व्हयनी, पोरले झोपू द्या." कधी चुकली नाही. त्या सकाळी मी त्या घड्याळाखाली उभा राहून कागदावर बत्तीस मिळवत होतो.

हे मला कळलं दहाव्याला, तू फोनवर तिकिटाचं बोललीस तेव्हा. तेव्हाच कबूल करायला हवं होतं. मी विमान कंपन्या काहीही छापतात म्हणालो, आणि तू फोन ठेवलास.

पप्पा

*

सिल्वासा
गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५

मृणाल,

तू आज पहाटे उतरलीस. काल बुधवार, संध्याकाळी पावणेसहाचं विमान, आज गुरुवार, पहाटे पाच वाजता मुंबई. तेच विमान, तोच वार. शैलजावहिनींनी ठाण्याहून फोन करून सांगितलं, वाळली आहे पण बरी आहे. विमान पाचला टेकायचं ते चार त्रेपन्नला टेकलं. मी फोनवर बघत होतो, आता ते बघता येतं.

साडेनऊला मी दारात उभा होतो. तू येणार नव्हतीस हे मला माहीत होतं. त्या दिवशी तू किती वाजता आली असतीस ते मला बघायचं होतं. कोवळं ऊन होतं, पायरीच्या दुसऱ्या फरशीपर्यंत आलेलं. समोर आक्काबाई भाजीची गाडी लावत होती. नळ चालू होता. म्हणजे तू आली असतीस तेव्हा पाणी येत असतं. हे सगळं मला नव्याने कळलं. तू चप्पल काढून पाय धुतले असतेस आणि आत गेली असतीस.

तिला तू बघितलं असतंस. हेच तू फोनवर म्हणाली होतीस. "मला फक्त तिला बघायचं होतं, पप्पा, बाकी काही नको होतं."

दत्तात्रय सर परवा ठाण्याला जायच्या आधी येऊन बसले. म्हणाले, चला, एकाच गाडीत जाऊ, पोरगी येतेय, लग्नघरात कोणी भांडत नाही. मी नाही म्हटलं. कारखान्यात मार्चएन्डचा माल आहे असं सांगितलं. ते कोकणातले, त्यांना माणसाचं बोलणं तोलता येतं. म्हणाले, "सुकदेवराव, तुम्ही खोकं असतात ना, तर मालाची बिल्टी फाडून गाडीत टाकून नेलं असतं." मी हसलो. ते हसले नाहीत. दारातून परत वळून म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला एक विचारलं होतं. मी म्हटलं, आठवत नाही.

तू पहिलं पत्र वाचलं असणार. पोचपावती २१ तारखेची आहे, एक दिवस आधीच पोचलं. गाडीसाठी ड्रायव्हर समाधानला सांगून ठेवलं आहे. पहाटे साडेतीनला उठून तो ठाण्याला सातला येईल. शनिवार मोकळा आहे, सोमवारही मोकळा आहे. मी घर पुसून घेतलं. कपाटाला हात लावलेला नाही.

हे पत्र कुठे टाकू? ठाण्याला टाकलं तर लग्नघरात कोणाच्याही हाती पडेल. ऑकलंडला टाकलं तर तू तिथे नाहीस. ठेवतो.

पप्पा

*

सिल्वासा
बुधवार, ५ मार्च २०२५

मृणाल,

शनिवार गेला. सोमवार गेला. समाधानने दोन्ही दिवस गाडी धुऊन उभी ठेवली, आणि दोन्ही दिवशी दहा वाजता मला न विचारता लाइनवर, रोजच्या फेरीला, घेऊन गेला.

काल मी विमानतळावर होतो. शैलजावहिनींना विचारलं नाही, मीच काढलं. सिंगापूरची सकाळची दोन विमानं आहेत, त्यातल्या एकालाच ऑकलंडचं पुढचं विमान नीट मिळतं. अकरा चाळीसचं. आत जायचं दार त्या विमान कंपनीचं कोणतं तेही पाहून ठेवलं. तू सव्वाआठच्या सुमाराला येशील असं धरलं होतं. तू आठ बाराला आलीस. सरांचा ओंकार सोडायला होता. निळी बॅग, आणि खांद्यावर मम्मीची ती करड्या रंगाची शाल, जी तू गेलीस तेव्हा तिने गाडीत बसताना तुझ्या अंगावर टाकली होती. मार्चमध्ये शाल कशाला, असं पहिल्यांदा मनात आलं. मग आलं नाही.

मी खांबाशी होतो. तुझ्या माझ्यामध्ये एकतीस फरशा होत्या. दोन फुटी फरशी आहे ती. बासष्ट फूट.

ओंकार गेल्यावर तू लगेच आत गेली नाहीस. अकरा मिनिटं उभी राहिलीस. एकदा फोन काढलास, ठेवलास. एकदा वळून सगळीकडे पाहिलंस, खांबाकडेही. तू मला शोधत होतीस की नुसती पाहत होतीस हे मला ठरवता आलं नाही. मग पासपोर्ट दाखवून आत गेलीस. मी हाक मारली नाही.

का मारली नाही ते लिहितो, आणि हे लिहून झालं की २७ तारखेच्या पत्रासोबत टाकतो, पुन्हा वाचणार नाही. हाक मारली असती तर तू जवळ आली असतीस. मी म्हटलं असतं, माझा हिशोब चुकला, दहाव्याला कळलं. तसं मी १९ तारखेच्या पत्रात लिहिलंही आहे. काल ना आज ते तुझ्या दाराशी पडलं असेल. ते खोटं आहे.

मला दहाव्याला कळलं नाही. मला त्याच दिवशी कळलं, सकाळी साडेअकराला.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. कारखान्याची माणसं आली होती, सरांच्या शाळेचे लोक होते. भाऊबंदांतला भिकादादा आणि मंडळी शिरपूरहून निघाली होती. मी त्यांना सांगितलं होतं, तुम्ही एक वाजून दहा मिनिटांनी भिलाडच्या फाट्यावर याल, तिथे माणूस उभा आहे. सगळ्यांना सांगून झालं होतं, तीन वाजता उचलायचं, मृणाल पोचत नाही. कागद माझ्या खिशात होता. दोघांतिघांना मी तो दाखवलाही होता. मृणाल का येत नाही असं कोणी विचारलं की मी कागद काढत होतो.

दत्तात्रय सर माझ्या बाजूला येऊन बसले. त्यांनीही तो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग हळू, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "सुकदेवराव, यातून साडेसात तास वजा केलेत ना?"

मृणाल, त्याच क्षणी मला सगळं दिसलं. मान वर केली तर खिडकीतून आत ते टिकलीचं घड्याळ दिसत होतं. त्यात संध्याकाळचे सात वाजले होते. माझ्या मनगटावर साडेअकरा. दोन्ही एकाच वेळी. हिशोबही करावा लागला नाही.

मी म्हटलं, "केलेत."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला.

तुझं पावणेसहाचं विमान तेव्हा उडून सव्वा तास झाला होता. तेवढ्यावर मी स्वतःला समजावू शकलो असतो. पण बाराला तुझा फोन आला. तू म्हणालीस, "पप्पा, रात्री अजून एक विमान आहे, अकरा पंचावन्नचं. बघू का?" तू बुकिंगचं पान उघडूनच विचारत होतीस, मला कळत होतं. त्या विमानाने तू गुरुवारी दुपारी पावणेचारला दारात असतीस. सूर्य साडेसहानंतर मावळतो. शीतपेटीत एक रात्र. सरांनी सकाळीच म्हटलं होतं, एक रात्र काही नाही, सोय आहे, मी बोलतो.

मी म्हटलं, "नको."

तू विचारलंस, नक्की? मी म्हटलं, नक्की.

का, हे मी एक वर्ष स्वतःला विचारतोय. थांबा, माझं चुकलं, असं मी म्हटलं असतं तर काय झालं असतं? सर म्हणाले असते, बरं. भिकादादा म्हणाला असता, बरं, राहू आजची रात. कोणी हसलं नसतं. हे मला आज कळतंय असं नाही. त्या अंगणात, फोन कानाला असतानाही कळत होतं. तरी मला ते शब्द काढता आले नाहीत. तीस वर्षांत मी एकाही माणसाला दिलेली वेळ मागे घेतली नव्हती. नववी शिकलेल्या माणसाकडे दुसरं काय असतं. ते मी जपलं, आणि त्यासाठी तुझं तिला शेवटचं बघणं देऊन टाकलं.

भिकादादाची गाडी एक चौदाला फाट्यावर आली. तो उतरला, रडला, आणि मग डोळे पुसत म्हणाला, तुझी वेळ बरोबर निघाली. आणि मला बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

चारला दमणगंगेच्या काठावर मी अग्नी दिला. पूजाने फोन धरला होता, तू त्यात होतीस. तुझ्याकडे तेव्हा साडेअकरा वाजले होते. ते विमान अजून जमिनीवर होतं. मला माहीत होतं की ते जमिनीवर आहे. मी पूजाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं नाही.

सरांना सगळं माहीत आहे असं मला वाटतं. त्यांनी तुला सांगितलेलं नाही, कारण ते माझी वाट पाहताहेत. ठाण्याला जायच्या आधी दारात वळून ते एवढंच विचारत होते.

बासष्ट फुटांवरून हे ओरडून सांगता येत नाही, आणि जवळ आली असतीस तर मी पुन्हा "दहाव्याला कळलं" म्हणालो असतो. तोंडाने मला अजून खरं जमत नाही. म्हणून खांबामागे राहिलो.

यावर उत्तर मागत नाही.

सुकदेव

*

सिल्वासा
रविवार, ६ एप्रिल २०२५

मृणाल,

१९ फेब्रुवारीचं पत्र तुला ५ मार्चला मिळालं आणि पुढचं जाड पाकीट १९ मार्चला. दोन्हींवर सही तुझीच आहे. दुसऱ्यावरची सही नेहमीसारखी नाही, शेवटचा ल अर्धाच राहिला आहे. त्याला आज अठरा दिवस झाले. मी फोनजवळ बसून राहत नाही, कामावर जातो. परवा इचलकरंजीच्या पार्टीने वेळ विचारली. मी सांगितलं, सकाळी पोचेल. ते म्हणाले, सकाळी किती? मी म्हटलं, सकाळी. त्यांनी माझी तब्येत विचारली.

१९ मार्चच्या संध्याकाळी मी सरांकडे गेलो. वहिनी देवापाशी होत्या. मी सरांना म्हटलं, त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी वजा केले नव्हते, आणि मला तेव्हाच कळलं. एवढंच बोललो. तोंडाने बोललो. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मग म्हणाले, "मीसुद्धा तिला फोन केला नाही. तुमच्या घरचं म्हणून गप्प बसलो. भूगोल मी शिकवत होतो." वहिनींनी चहा आणला. गोड होता, खरंच.

त्यांना तुझ्या नजरेत लहान करायला हे लिहिलं नाही. जे झालं ते सगळं तुझ्याकडे असावं म्हणून लिहिलं.

आता एक शेवटचं.

काल आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले तेव्हा तुमच्याकडे रविवारचे पहाटेचे तीन वाजले, आणि सरकारी नियमाने लगेच त्याचे दोन करण्यात आले. दर एप्रिलला करतात, सप्टेंबरात परत पुढे घेतात. मम्मीच्या हे कधी लक्षात राहायचं नाही. वर्षातून दोनदा तू फोन करायचीस, "मम्मी, घड्याळ एक तास मागे घे," किंवा पुढे. ती स्टूल ओढायची, चढायची, मी धरलेलं असायचं, आणि फोन खाली ठेवूनच वरून ओरडायची, "व्हयनं वो बाई. आते बराबर शे का?" तू तिकडून तुझ्या घड्याळातली वेळ सांगायचीस, आणि मग दोघी पाऊण तास बोलायच्या. आता मला वाटतं, तिच्या लक्षात राहत होतं.

मागच्या एप्रिलमध्ये तुझा फोन आला नाही. सहा महिने ते घड्याळ एक तास पुढे राहिलं. सप्टेंबरात तुम्ही पुढे गेलात आणि ते आपोआप बरोबर झालं. मी हात लावला नव्हता. एकदा सेल बदलला, त्यात अठरा सेकंद गेले, तेवढं ते मागे आहे.

कालपासून ते पुन्हा चुकीचं झालं आहे. आता फरक साडेसहाचा, आणि भिंतीवर अजून साडेसातच आहे. चूक काय आहे, किती आहे, कोणत्या बाजूला आहे, सगळं मला माहीत आहे. स्टूल खालीच आहे. एका मिनिटाचं काम आहे.

मी काटा हलवणार नाही. माझ्याशी बोलू नकोस. हॅलो म्हणू नकोस, कसे आहात विचारू नकोस. फोन कर, एक तास मागे घ्या म्हण, आणि ठेव. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या एप्रिलला कर.

तू सांगशील तेवढेच मागे घेईन. मी पडताळणार नाही.

पप्पा